डिंफना आजींचं दुखणं आणि लीगचा शेवटचा रविवार

टर्लो गिल्हूलीइतका कनवाळू माणूस आयर्लंडच्या अख्ख्या लेट्रिम परगण्यात नाही, असं त्या आठवड्यात परक्याला वाटलं असतं. रोज संध्याकाळी गडी घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन डिंफना आजींच्या उशाशी हजर! आजी नव्वदीपार, पाद्रीबाबा मरणाआधीचं शेवटचं तेल लावून गेलेले.

खरं दुखणं टर्लोचं होतं. तो आमच्या किलमोरीन गावच्या गेलिक फुटबॉल संघाचा मॅनेजर. लीगच्या या हंगामात माणसं भरली नाहीत म्हणून आम्ही दोनदा न खेळताच समोरच्याला पुढे चाल दिलेली. तिसऱ्यांदा दिली की संघ लीगबाहेर, आणि आमची पोरं शेजारच्या ड्रमलेकच्या संघात. ड्रमलेकच्या! त्यापेक्षा टर्लोने मैदानात बटाटे लावले असते.

रविवारी शेवटचा सामना, आणि अर्धा संघ कुणाच्याशा लग्नाला स्पेनला पळालेला. मैदानात निदान तेरा हवेत; टर्लोकडे नऊ, त्यात एक तो स्वतः, पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा. आता वाट एकच उरली होती. गावात कुणी गेलं की सामना पुढे ढकलतात.

शनिवारी त्याने हळूच विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

टर्लोचा चेहरा पडला. "बरं?"

"मेल्या, सामना कधी आहे?"

"उद्या," तो बोलून बसला.

"लीगचाच ना? चॅम्पियनशिपचा असता तर विचार केला असता. लीगसाठी कोण मरतं रे?"

स्वयंपाकघरात आजींचे चार नातू चहावर चहा ढोसत बसले होते. अंत्यविधीला म्हणून डब्लिन-लंडनहून आलेले. आजींनी त्यांना हाक मारली. "टर्लो, यांची नावं क्लबात आहेत अजून?"

"आम्ही कुणाचीच काढत नाही, आजी."

"मग ने यांना. आल्यापासून माझ्या श्वासावर कान लावून बसलेत."

"पण मध्येच तुला काही झालं तर?" थोरला म्हणाला.

"मग हाफटाइमला कळवतील की!"

नातवांच्या सामानात खेळाचे बूट कुठले असणार? अंत्यविधीसाठी आणलेले काळे सूट आणि चकचकीत काळे जोडे तेवढे होते. त्याच जोड्यांनी चौघे चिखलात उतरले आणि नुकत्याच जन्मलेल्या वासरांसारखे घसरत राहिले. समोरच्या मॅनेजरने ते जोडे पाहून टोपी काढली. "ऐकून वाईट वाटलं, टर्लो."

"अजून काही झालेलं नाही," टर्लो घाईने म्हणाला. "चेंडू टाका!"

शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही वीस गुणांनी हरलो होतो, आणि टर्लो रेफरीच्या गळ्यात पडला होता.

"तेरा मोजलेस ना रे बाबा?"

"माणसं तेरा होती," रेफरी म्हणाला. "खेळाडू किती होते ते मला विचारू नकोस."