पाणी उतरवण्याचे ठिकाण

लातूर जिल्हा नवा होता, तेव्हाच्या दुष्काळात माझी नांदेडहून तिकडच्या एका तहसीलीत बदली झाली. साहेबांनी टँकरचं टेबल दिलं आणि मला शिंगंच फुटली.

तोवर सगळं तोंडी चालायचं. गावचा कोतवाल दारात उभा राहून पाणी संपल्याचं सांगायचा आणि म्हातारे ड्रायव्हरमामा टँकर घेऊन निघायचे. मला हे भलतंच गबाळं वाटलं. मी नमुना तयार केला: गाव, लोकसंख्या, खेपा, पाणी उतरवण्याचे ठिकाण, तलाठ्याची सही. ठिकाण एकच, म्हणजे तपासायला सोपं. वर भिंतीवर तक्ता लावला. टँकर पोचला की हिरवी खूण. जिल्ह्याच्या साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हापासून आठवडाभर मी चपराशाशीसुद्धा छापील मराठीत बोलत होतो.

मामा तेवढे म्हणाले, "साहेब, एका जागी उतरवून भागत न्हाई."

"मामा, आता सगळं नियमानं," मी म्हणालो. का भागत नाही, हे विचारायला माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे.

पंधरा दिवसांनी रिकामी घागर घेऊन एक म्हातारी टेबलासमोर आली. मी तक्ता पाहिला. तिच्या गावापुढं रोज हिरवी खूण होती.

"तुमच्याकडं टँकर येतोय की, मावशी."

"गावात येतो. बौद्धवाड्यात येत न्हाई. आधी मामा अर्धं पाणी आमच्याकडं उतरवायचे. आता म्हणतात, कागदात न्हाई."

"मग गावातल्या आडावरून घ्या, टँकर तिथंच रिकामा होतो."

"घेतो की. समद्यांचं झाल्यावर कुणी वरून ओतलं, तर. सून बाळंतीण हाय साहेब. दोन दिस झाले, बाळाला आंघोळ न्हाई."

मी मामांना बोलावलं, नमुन्यावर हातानंच दुसरं ठिकाण लिहिलं आणि टँकर आधी वाड्यात न्यायला सांगितलं. मग अशी किती गावं आहेत, ते विचारलं. मामा म्हणाले, "मोठा कागद घ्या."

म्हातारी निघता निघता थांबली.

"गाव कंचं तुमचं?"

"बिलोलीकडचं."

"कंच्या आळीतले?"

मी सांगितलं. ती माझ्याकडं पाहतच राहिली.

"मग तुम्हाला तर ठावं असंल की."

ठाऊक होतं. माझी आई आडापासून दहा पावलं लांब घागर ठेवून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला "वाढ गं माय" म्हणायची. शेजारी बसून मी पाढे पाठ करायचो. त्याच पाढ्यांच्या जोरावर नोकरी लागली, आणि नोकरीत मी तो नमुना तयार केला.

"ठाऊक होतं, मावशी," मी म्हणालो. तिनं घागर उचलली आणि टँकर गाठायला गेली.