मोगऱ्याखालचा दगड

वैशाख शुद्ध सप्तमी, गुरुवार. सकाळी बाळकुमचा माळी आला. आमच्या कोपरीच्या घरी फाटकापासून ओट्यापर्यंत टांग्याची वाट आणि कडेने फुलांचे वाफे करायचे आहेत.

वाचनालयात सभासदांनी लिहायला ठेवलेल्या या वहीत मी सहसा लिहीत नाही. आज सल्ला हवा आहे.

गेल्या श्रावणात माझे कुटुंब पूजेची फुले काढताना साप चावून वारले. मी कल्याणच्या कचेरीसाठी एरवी पहाटेच निघतो; आज रजा घेतली. आता फुले माझी नऊ वर्षांची यमू काढते.

वाटेवर मुरूम टाकायचा माझा विचार होता. माळी सापाचे नाव घेत नाही. म्हणाला, "मुरमावर लांबडं गुपचूप चालतं, रावसाहेब. खडी टाका, त्याला टोचते. वाफे वाटेपासून लांब घ्या. आन् हा मोगरा काढा, लई दाट झालाय."

यमू अनवाणीच धावत आली. "नाना, आईचा मोगरा तोडलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही!"

माळ्याने मोगऱ्याखालचा दगड उचलला. खाली कात होती. ताजी, अजून ओलसर. यमू तिथून दोन हातांवर उभी होती.

खडीचे ठरले. मोगऱ्याचे ठरवता आले नाही. तोडला तर तिच्या आईची खूण जाते. ठेवला तर रोज कचेरीत माझा जीव टांगणीला. तुम्ही काय केले असते?

संध्याकाळी यमू आत परवचा म्हणत होती. अंधार पडण्यापूर्वी मी एकटाच बाहेर गेलो, काठीने मोगऱ्याचे आळे चाचपले आणि उद्याच्या पूजेच्या कळ्या आजच काढून ठेवल्या.