गुनवोरची जागा

आमच्या ग्रोनमो गावातली माणसं तशी सरळ, पण एका विषयावर सगळी खोटं बोलतात. मुल्टे कुठे मिळाले असं विचारलं की आमचा पाद्रीसुद्धा डोंगराकडे बोट दाखवतो, आणि त्याचे बूट मात्र नदीकाठच्या चिखलाने माखलेले असतात. मुल्टे म्हणजे आमच्याकडे दलदलीत, एका रोपाला एकच असं येणारं केशरी फळ. नाताळच्या जेवणानंतर मलईत फेटलेले मुल्टे आले नाहीत तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं आम्ही समजतो. ज्याला चांगली दलदल ठाऊक असते तो ती बायकोला सांगतो, फार तर मुलाला. बाकीच्यांनी आपापली शोधावी.

या सगळ्यांत पक्की म्हणजे माझी शेजारीण गुनवोर. टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, नवरा आयविंद जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोलणं अगदी तोलून-मापून. दर ऑगस्टला ती रिकाम्या बादल्या घेऊन उत्तरेकडे गाडी काढते आणि भरलेल्या बादल्या घेऊन दक्षिणेकडून परत येते. मधे कुठे जाते, देव जाणे. तिची सख्खी बहीण शेवटच्या आजारात म्हणाली होती, "आता तरी सांग की गं." गुनवोर म्हणाली, "तू बरी हो, मग बघू." बहीण गेली, आणि जागा गुलदस्त्यातच राहिली. मी कुंपणाच्या अलीकडे राहते आणि शाळेची बस चालवते. गावात कोण कुठे जातं हे मला कळू नये, म्हणजे माझ्या जिवाला केवढी टोचणी!

त्या वर्षी गुनवोरने वर्षभरासाठी एक परदेशी विद्यार्थिनी ठेवून घेतली, तेव्हा मी विचारलंच, "या वयात हे काय खूळ घेतलंस डोक्यात?"

"घर मोठं आहे," ती म्हणाली. एवढंच.

मुलगी पॅराग्वेची, नाव आरासेली. आली तीच नेमकी मुल्टे पिकले असताना. गुनवोरचे गुडघे बोलायला लागले होते, बादल्या उचलायला कुणीतरी हवंच होतं. दोघी संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी कुंपणाशी उगाचच गवत उपटत होते. पोरीचं तोंड डासांनी फोडून काढलेलं, बोटं चिकट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी इथे जन्मले, आणि पॅराग्वेची पोर आठवड्याच्या आत त्या दलदलीत!

दुसऱ्या दिवशी मी वाफल करून तिला बोलावलं. तिने चार खाल्ले, आईची, मामांची, आंब्याच्या झाडाची हकिगत सांगितली, पण दलदलीचं नाव काढलं की, "गुनवोरबाई रागावतील." आमच्याकडे मास्तरांनाही नावाने हाक मारतात, पण हिच्या तोंडून बाई सुटेना. मीही तोरहिल्डबाई.

मग शाळा सुरू झाली आणि ती रोज सकाळी माझ्या बसमध्ये चढायला लागली. पहिल्या दिवशी तिने दारात उभं राहून अख्ख्या बसला मोठ्याने सुप्रभात म्हटलं. अख्खी बस खिडकीबाहेर बघायला लागली. पुढे तर तिने कहरच केला. निम्मी बस रिकामी असताना ती एका मुलाच्या शेजारी जाऊन बसली. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि शाळेच्या आधीच्याच थांब्यावर उतरून चालत गेला. दुपारच्या सुट्टीत सगळे आपापल्या डब्यातला तपकिरी चीज लावलेला पाव मुकाट्याने खातात. ही आपला पाव मोडून शेजारच्यांना देऊ करायची. कुणी घ्यायचं नाही.

"तोरहिल्डबाई," एकदा तिने उतरताना विचारलं, "हे सगळे माझ्यावर रागावलेत का?"

"नाही गं. आमचे लोक खुशीत असले तरी असेच दिसतात."

ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत.

एकदा दुकानात तिने माझीच फजिती केली. दुकानदाराने विचारलं, "काय तोरहिल्ड, यंदा मुल्टे कुठे मिळाले?" मी रिवाजाप्रमाणे म्हटलं, "डोंगराकडे." मागून हिचा आवाज, "पण तुम्ही तर नदीकडून आलात ना? मी खिडकीतून पाहिलं." दुकानातल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाहेर आल्यावर मी तिला चांगलीच झापली. "अगं बाई, ते इथे कुणी खरं सांगत नसतं!"

"मग विचारतात कशाला?"

"काहीतरी बोलायला नको का माणसाला?"

यावर ती घरापर्यंत माझ्या दोन पावलं मागून चालली. मला वाटलं, रुसली.

नोव्हेंबरात सूर्य हिवाळ्यापुरता डोंगराआड गेला तशी पोर कोमेजली. सुप्रभात बंद झालं. माझ्या मागच्या आसनावर बसायची, कपाळ काचेला टेकून. आणि एका रविवारी गुनवोर न कळवता माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

"पोरगी नाताळला परत जाते म्हणतेय. कायमची."

"घर आवडत नसेल तर दुसऱ्या घरी ठेवतील तिला."

"घराबद्दल तक्रार नाही. मैत्रीण नाही तिला एकही. मी म्हातारी बाई, दिवसभर बोलून बोलून किती बोलणार?" असं म्हणून तिने मान फिरवली. तिला पोरीचा लळा लागला होता, आणि तो लपवणं तिला जमत नव्हतं.

मी रात्रभर विचार केला आणि सोमवारी बस भरल्यावर आरशात बघून मोठ्याने म्हटलं, "आरासेली, त्या दिवशी गुनवोरबरोबर मुल्टे वेचून पाठ दुखली असेल नाही गं तुझी?"

मागचे सगळे आवाज थांबले. मोबाइलमधली तोंडं वर आली. कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं, मग ती त्या जागी जाऊन आलीय हे कळणार कुठून! माझा हेतू निव्वळ परोपकाराचा होता असं मी म्हणत नाही. नदी ओलांडली की नाही, एवढं जरी कळलं असतं तरी माझं भागलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आरासेलीभोवती गराडा पडला. वोरिन नावाची मुलगी, जिच्यामागे सगळा वर्ग असतो, तिने आरासेलीला शुक्रवारी आपल्या घरी टॅको खायला बोलावलं. कुणी स्की द्यायला तयार, कुणी शिकवायला. प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच. पोर काही बावळट नव्हती. आपण कशासाठी हव्या आहोत, हे तिला कळत होतं.

शनिवारी मी साखर मागायच्या निमित्ताने गुनवोरकडे गेले. दोघी टेबलाशी बसल्या होत्या.

"सगळे तेच विचारतात," आरासेली म्हणत होती. "नाही सांगितलं तर परत कुणी बोलणार नाही."

गुनवोरने कप खाली ठेवला. "मग सांगून टाक."

मी वाटी टेबलावर आदळली. "गुनवोर, शुद्धीवर आहेस का? अगं, सख्ख्या बहिणीला नाही सांगितलंस तू!"

"बहिणीला मैत्रिणी होत्या," गुनवोर म्हणाली.

सोमवारी बसमध्ये वोरिनने विचारलं, सरळ आणि सगळ्यांदेखत. "सांग ना आता. कुठे आहे?" मी गाडी इतकी हळू केली की मागच्या ट्रकने भोंगा वाजवला.

आरासेली जराशी घुटमळली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सांगते, पण कुणाला बोलायचं नाही. जुन्या चांदमारीच्या मागे. खालच्या उतारावर. खूप आहेत."

चांदमारीच्या मागे खडक आहेत, काटेरी झुडपं आहेत आणि नेमबाजीचा सराव करणाऱ्या सैनिकांनी टाकलेली रिकामी काडतुसं आहेत. मुल्टे तिथे आमच्या पणज्यांच्या काळातही उगवले नाहीत, हे बसमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, अगदी आमच्या पाद्र्यासारखं.

"आणि थोडे डोंगराकडेही आहेत," ती म्हणाली.

पहिल्यांदा मागचा तो कानापर्यंत लाल होणारा मुलगा हसला. मग अख्खी बस. "आयला, ही तर माझ्या आजोबांच्या वरताण निघाली!" असं कुणीतरी ओरडलं. वोरिन हसता हसता म्हणाली, "लाज नाही वाटत तुला?" आणि शेजारच्या आसनावरचं आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. आरासेली तिथे जाऊन बसली. मला इतकं हसू येत होतं की पुढच्या थांब्यावर मी जरा वेळ बस उभीच ठेवली.

संध्याकाळी ही बातमी घेऊन मी गुनवोरकडे धावले. आरासेली घरी नव्हती, परस्पर वोरिनकडे गेली होती. गुनवोर दिवा न लावता बसली होती.

"सांगितलं तिने?" तिने विचारलं.

"सांगितलं. चांदमारीच्या मागे!"

गुनवोरला समजायला क्षणभर वेळ लागला, आणि मग ती पोट धरून हसली. आयविंद गेल्यापासून मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती.

"शनिवारपासून ती जागा गेली असंच मी धरून चालले होते," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि तुला खरं वाटणार नाही तोरहिल्ड, मला काही म्हणजे काही वाईट वाटलं नाही."

"मग आता तर राहिली तुझी जागा. नाताळलाही जात नाही आता ती. सगळं झालं ना मनासारखं?"

"झालं की," ती म्हणाली. "पण जूनमध्ये जाणारच ना गं ती."

आणि आता ती जे अश्रू पुसत होती, ते हसण्याचे नव्हते. आयविंदच्या दफनाला न रडलेली ही बाई. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि जन्मात पहिल्यांदाच मला काय विचारावं ते सुचेना.