कडेने ओतलेला भात

कू बाईंच्या हाताखाली मी एकवीस वर्षं काढली आणि त्यातली निदान दहा त्यांच्यावर चिडण्यात गेली. माझं नाव वेन. शिनचूच्या आमच्या विद्यापीठात तळघरात शहाण्णव संगणक एका खोलीत गुरगुरत असत, त्यांचा मी राखणदार. खोली थंड ठेवायची, एखादा बंद पडला की उठवायचा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवलेल्या हिरव्या क्वाइ-क्वाइच्या पुड्याची तारीख उलटू द्यायची नाही, ही माझी कामं. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’ असा. पुडा हिरवाच हवा, दुसऱ्या रंगाचा ठेवला तर यंत्र रुसतं. हसायचं तर हसा. बाईही हसायच्या, पण मोठं गणित लावायच्या आधी गुपचूप येऊन साऱ्या तारखा वाचून जायच्या.

बाईंचं पूर्ण नाव कू रुई-यिन. आई तांदळाच्या शेवया करायची. आमच्याकडे वारा सुटला की अंगणभर बांबूच्या चटयांवर शेवया वाळत पडतात. लहानपणी ही पोर गुंतलेल्या लडीतून एकेक शेवई ओढत बसे. घाईनं ओढली की तुटायची, सावकाश ओढली की सरसरत बाहेर यायची. “असं का होतं?” म्हणून तिनं आईला विचारलं, तर आई म्हणाली, “कारण तुला कामधंदा नाही.” पुढे हाच बाईंचा कामधंदा झाला. प्लास्टिक, रबर, डिंक यांच्या पोटात असेच लांबच लांब धागे असतात, त्यांना पॉलिमर म्हणतात. शेजाऱ्यांच्या गर्दीत धाग्याला आडवं सरकता येत नाही, सापासारखं स्वतःच्या लांबीनंच पुढे जावं लागतं. हे सगळं बाई संगणकात मांडत आणि धागे कसे सुटतात ते महिनोन् महिने बघत.

“बाई, शहाण्णव यंत्रं शेवया सोडवायला लावलीत,” मी एकदा बोललो.

“तू सोडवतोस का? मग यंत्रं बंद करते.”

एका सकाळी त्या दोन डबे घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. एकात पोलादाचे सुटे मणी, दुसऱ्यात बेसिनच्या बुचाला असते तशी मण्यांची साखळी, तुकडे केलेली. काचेच्या नळीत सुटे मणी भरून त्यांनी नळी उचलली, आणि मणी खोलीभर पळाले. ते मी आठवडाभर वेचत होतो. मग नळीत साखळ्या भरल्या, नळी उचलली, आणि तो खांब तसाच उभा राहिला. सरळ, हातभर उंच. बाई खाली बसल्या, टेबलावर हनुवटी टेकली आणि चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

“वेन, याला कोणी धरलेलं नाही. नुसते एकमेकांत अडकून उभे आहेत.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढीशी गोष्ट, पण माझ्या अंगावर काटा आला.

तिथून बाई धाग्यांकडून दाण्यांकडे वळल्या. वाळू, मीठ, भात. दरवर्षी पहिल्या तासाला त्या पोरांना सांगायच्या, की पाणी ओतलं की कसं ओतलं ते विसरून जातं, दाणे विसरत नाहीत. एका जागी ओतलेली रास आणि चाळणीतून पसरलेली रास वरून सारखी दिसली, तरी आतून जमिनीवर वेगवेगळी रेलते. बाई हे सांगायच्या तेव्हा मी दाराशी उभा राहून दरवर्षी ऐकायचो.

त्यामुळेच शांगफू गावच्या शेतकरी संघानं नवी पोलादी कणगी उभारली तेव्हा ती भरताना-उपसताना टिकेल का, हे तपासायचं काम बाईंकडे आलं. चार मजली कणगी, पाचशे टन भात. तळाशी बोगदा आणि बोगद्यात चाक फिरवून उघडायची झडप. बाईंनी हजारो खऱ्या दाण्यांच्या जागी एक, असे सत्तर लाख दाणे मांडले, गणित केलं आणि ‘टिकेल’ असं लिहून सही दिली.

जुलैत कणगी पहिल्यांदा उपसायची ठरली, तेव्हा संघानं आम्हा दोघांना बोलावलं. वादळ दोन दिवसांवर होतं. नव्या ओल्या भाताचे अठरा ट्रक फाटकाबाहेर रांगेत उभे. कणगी रिकामी झाली की तो भात वाळवून तिच्यात जाणार, नाहीतर एका दिवसात त्याला मोड येणार. भूमिदेवापुढे उदबत्त्या लागल्या होत्या, फटाक्यांची माळ टांगलेली होती.

“या बाई, या! जेवलात का?” संघाचे सचिव चुंग पुढे आले.

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या वर बघत होत्या. भात वाहून नेणारा पट्टा कणगीच्या टोकावर मध्यापर्यंत जातच नव्हता, कडेलाच संपत होता.

कणगी सांभाळणारे लो आ-थिएन, सत्तरीला टेकलेले, डोक्यावर शिरस्त्राण चढवत होते. झडप उघडायला बोगद्यात तेच उतरणार होते.

“थिएनकाका, भात पडतो कुठून?”

“त्या कडेनं. जुनं गोदाम आडवं आलं ना, मग पट्टा तिथंच थांबवला.”

“कधीपासून?”

“पहिल्या दाण्यापासून. का हो?”

बाई माझ्याकडे वळल्या. “वेन, आपण पाऊस पाडला.”

मला लगेच कळलं. संगणकात एका तोंडातून धार धरून कणगी भरायला तीन आठवडे लागतात. सगळ्या माथ्यावरून पावसासारखे दाणे सोडले की दीड दिवसात भरते. या धंद्यातले सगळे असंच करतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. बाईंनीही तेच केलं होतं, भात खरा कुठून पडतो हे न विचारता. आणि दाणे विसरत नाहीत, हे आयुष्यभर सांगत आलेली हीच बाई!

बाई बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. “झडप उघडायची नाही. माझं गणित चुकलंय.”

“बाई, सही तुमचीच आहे ना?” चुंगनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“माझीच. ती चुकीची आहे. भात एका बाजूला रेलून बसलाय, त्याचं वजन तिथला पत्रा वरून खाली चेपतंय. उपसताना ती भिंत दुमडून आत येऊ शकते आणि काका तिच्या खाली असतील.”

“येऊ शकते की येणार?”

“ते सांगायला दिवस लागतील.”

“मग आमचा भात तोवर तुमच्या कॉम्प्युटरात वाळवायचा का?” ट्रकवरून एक शेतकरीण ओरडली. हशा पिकला. हसण्यात गंमत नव्हती. मला मान वर करवेना.

थिएनकाकाच मध्ये पडले. “इतकी वर्षं धान्याखाली उतरतोय मी. बाजूला व्हा, बाई.”

“नाही होणार.”

आणि झाल्या नाहीत. अर्धा तास उन्हात उभ्या. शेवटी चुंगनी हात झटकले. भात वरून नळीनं ओढून काढायचं ठरलं, सावकाश, नऊ दिवसांचं काम. ट्रकांनी शेजारच्या गावांची वाट धरली, उरलेला भात शाळेच्या पटांगणात आणि देवळापुढे पसरला. बाई दाताळं घेऊन भात पसरणाऱ्या बायकांच्या रांगेत शिरल्या. कोणी त्यांच्याशी बोलेना. वादळ आलं आणि बऱ्याच भाताला मोड फुटले.

तोवर मी विद्यापीठात परतून सगळ्या यंत्रांवरचे पुडे बदलले आणि इतरांची गणितं थांबवली, त्यासाठी चार प्राध्यापकांच्या शिव्या खाल्ल्या. या वेळी बाईंनी धार कडेला धरली. सगळी नाही, निम्म्याच उंचीपर्यंत, तरी आठ दिवस लागले. पडद्यावर दाणा दाण्यावर पडत होता, एकमेकांना टेकत होता, आणि त्या टेकण्याच्या बारीक रेषा वाकत वाकत पश्चिमेच्या भिंतीकडे चालल्या होत्या. कोणी न सांगता सगळा भार एका जागी गोळा होत होता. जमिनीपासून सात हातांवर, जिथं भार सगळ्यात जास्त, तिथं तांबडा डाग उमटला. बाई आणि मी शेजारी उभे होतो. भीतीही वाटत होती आणि नजरही हटत नव्हती.

कणगी रिकामी झाली तेव्हा आम्ही आत गेलो. थिएनकाकांनी शिडी लावून पश्चिमेच्या भिंतीवर विजेरी मारली. सात हातांवर पत्रा आत दबला होता, कढईएवढा.

“वाहतुकीत पोचा पडला असेल,” चुंग दारातून म्हणाले.

“भरायच्या आधी एकेक पत्रा मी या हातांनी पुसलाय,” थिएनकाका म्हणाले. “नव्हता.”

ते शिडीवरून उतरले आणि बाईंपुढे उभे राहिले. “त्या दिवशी मी झडप उघडली असती तर?”

“मला माहीत नाही, काका.” बाई म्हणाल्या. “सत्तर लाख दाणे मांडले होते मी. एकेकाचं वजन, एकेकाचा खरखरीतपणा. तुम्ही त्यात नव्हतात.”

थिएनकाकांनी विजेरी विझवली. मग त्यांनी शिरस्त्राण काढून काखेत धरलं.

“एकसष्ट किलो,” ते म्हणाले. “लिहून घ्या.”

बाईंनी पेन काढलं आणि खरोखर लिहून घेतलं.