कोणत्याच वारी नाही

सातव्या महिन्यात मला अंगावरून रक्त जायला लागलं, दुखत मात्र काहीच नव्हतं. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, कळा लांबवायच्या गोळ्या दिल्या आणि बाहेर आमच्या यांना समजावलं. बाळाला पोसणारी वार खाली सरकून वाट अडवून बसली आहे, गाडीचे हादरे बसले तर आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतेल.

हे घाबरलेले. कुरुंद्याला घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, वार चांगला नाही, हिला लांब न्यायचं नाही. आमच्या घरात त्या वारेला जार म्हणतात, वार म्हणजे सोमवार, मंगळवार. सासूबाईंनी विचारलं, कोणता वार? हे डोकं खाजवत बसले.

मग माझा पलंग. पाय वर राहावेत म्हणून पायथ्याखाली विटा, आणि मी, जिला घटकाभर एका जागी बसवत नाही. गोळी घेतली की छाती धडधडायची, कपातला चहा बशीत सांडायचा. बाहेर हळद शिजत होती. सासूबाई पिवळे हात पदराला पुसत येऊन वेळेवर गोळी द्यायच्या आणि मी उगाच त्यांच्यावर डाफरायचे.

रक्त थांबलं तशी मला माहेरची ओढ लागली. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे ठरलेलं. आई आणि भाऊ तीन तासांवरच्या गोरेगावहून जीप घेऊन आले, आत गादी अंथरलेली, येताना चांगला वारही बघून आलेले. मी पिशवी भरून तयार. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कोणत्या वारी न्यायची न्हाई ते ह्याला धड ठावं न्हाई. मंग कोणत्याच वारी न्यायची न्हाई."

मी रडले, भांडले, म्हातारीला माझं सुख बघवत नाही असंही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईला म्हणाल्या, तुमीच ऱ्हा इथं. जीप रिकामी परत गेली. आई राहिली, आणि दोघी विहिणी मिळून मला उठू देईनात.

नववा लागला आणि एका सकाळी अंथरूण रक्ताने भिजलं. वसमत जवळ, म्हणून पोचलो. यांचं रक्त मला चढवलं, पोट फाडून मुलगी काढली. ती रडली ते मला ऐकू आलं नाही, सासूबाईंना आलं.

डॉक्टरीणबाईंना मग जीपची गोष्ट कळली. गोरेगावच्या वाटेत हे झालं असतं तर दोघीही हाती लागल्या नसत्या, म्हणाल्या. मग त्यांनी वार म्हणजे काय ते सासूबाईंना नीट सांगितलं. आमच्या यांना मान वर करता येईना.

सासूबाई मात्र लेकराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "जार म्हणावं की मंग," एवढंच बोलल्या. मग मला विचारलं, आज वार कोणता गं? मी म्हणाले, गुरुवार.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आता सगळेच चांगले."