भगोण्यातला समुद्र

प्रल्हाद गेल्याची तार पोस्टमनने शाळेत माझ्याच हाती दिली. त्याच्या आईला, आम्हा सगळ्यांच्या अक्काला, ती वाचून दाखवायची पोस्टमनची छाती होईना. माझीही होत नव्हती. वादळात तो जहाजावरून पडला होता... सापडला नव्हता.

तापीकाठच्या आमच्या गावातला हा माझा बालमित्र समुद्राच्या तळाचे दगड वर काढायच्या नोकरीला लागला, तेव्हा मी त्याची यथेच्छ टर उडवली होती. “एवढं शिकून बटाटे वेचतोस लेका!” पुढच्या सुट्टीत तो धुळ्याच्या बसमधून उतरला, तो खरोखरच बटाट्याएवढा काळा, खडबडीत दगड घेऊन. म्हणाला, तळाशी माशाचा दात पडला तरी त्याच्याभोवती असे थर चढत जातात. नखाएवढा थर चढायला लाखो वर्षं लागतात. समुद्र कधी गार पडला, कधी तापला, वाऱ्याने कुठली धूळ तिथवर नेली, सगळं त्या थरांत उतरतं. अक्का भाकरी थापायची थांबून ऐकत होती. “याले सुकू देऊ नको अक्का, फुटी जाई,” तो म्हणाला. तिने पितळी भगोण्यात पाणी घेऊन दगड त्यात ठेवला.

देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी दिला. अशा वेळी एक दगड जीवखडा म्हणून उचलतात, दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी मानतात आणि दहाव्याला नदीत सोडतात. अक्काने तोच काळा दगड पुढे केला. दहाव्याला मात्र तापीत उभी राहून तिने मूठ उघडलीच नाही. “मना आंडोर, मना पोऱ्या पाणीमाच ग्या. आते हाऊ बी पाणीमा टाकू?”

जीवखडा घरात राहिला म्हणजे जीव अडकला, असं गाव म्हणतं. शेजारणी तिच्याकडे पाणी पीत नाहीत. खोटं कशाला सांगू, त्या घरात शिरताना माझ्याही अंगावर काटा येतो.

परवा गेलो तर ती भगोण्यातलं पाणी बदलत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “समुद्रना तळले जे पडस, त्याना भवती थर चढतस म्हणे... मंग मना पल्हादना भवती बी चढत व्हतीन ना?”

मी मास्तर. मला खरं उत्तर येत होतं.

“हो अक्का,” मी म्हणालो आणि तिने पुढे केलेलं पाणी प्यायलो.