जपानी सिनेमातलं वावर

तिसरं रीळ चढलं आणि अकोल्याच्या थिएटरात पहिली खुर्ची मोडली. पडद्यावर एक म्हातारा नदीकाठी बसून पाण्याकडे बघत होता. दुसरं रीळ संपलं तेव्हाही तो तिथंच बसलेला होता. खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, उठवा बाप्पा त्याले." हशा झाला, शिट्ट्या झाल्या, आणि मग दुसरी खुर्ची मोडली.

मी बाल्कनीच्या दारात उभा होतो. मी रिप्रेझेंटेटिव्ह. हा प्राणी आता नामशेष झाला, म्हणून सांगतो. सिनेमा तयार होई मुंबईत, पण आमच्या मुलुखात तो दाखवायचे हक्क अमरावतीचे डिस्ट्रिब्युटर घेत. त्यांच्या ऑफिसचा जो माणूस रिळांची पेटी घेऊन गावोगाव फिरे, थिएटरमालक तिकिटांत हात मारत नाही ना यावर डोळा ठेवी, आणि खेळ संपले की पेटी पुढच्या गावाला रवाना करी, तो रिप्रेझेंटेटिव्ह. थिएटरमालक त्याला तोंडावर चहा पाजत आणि पाठीमागे शिव्या देत. मी दोन्ही पचवत असे.

हा जपानी सिनेमा आमच्या शेठजींनी हौसेनं घेतला नव्हता. मारामारीचे तीन हिंदी सिनेमे हवे असतील तर हाही घ्या, असं म्हणून मुंबईवाल्यांनी तो त्यांच्या गळ्यात मारला होता. पडद्याच्या खाली इंग्रजी ओळी असलेली प्रिंट यायची होती. ती चुकून दुसरीकडे गेली. आमच्याकडे आली ती कोरी, नुसती जपानी. तशा इंग्रजी ओळीही अकोल्यात कुणी वाचल्या नसत्या. पण काहीतरी लिहिलेलं दिसलं की माणूस जरा अदबीनं बसतो.

थिएटरमालकानं पेटी उचलायला सांगितली. मी त्याला इंटरव्हलपर्यंत थांब म्हणालो आणि दादारावला हाक मारली.

दादाराव म्हणजे टांग्यात बसून, हातात भोंगा धरून गावभर सिनेमाची जाहिरात करणारा माणूस. पन्नाशीचा, काळासावळा, आवाज असा की कापूस बाजारातल्या गाड्यांचे बैल मान वळवायचे. मी त्याच्या हातात माइक दिला आणि म्हटलं, पब्लिकला गप्प कर. काय बोलायचं ते मी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

दादाराव पडद्याच्या बाजूला उभा राहिला. थोडा वेळ त्यानं त्या बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग माइकवर म्हणाला, "थांबा जरासे. पाटील इचार करून राहिले."

थिएटर गप्प झालं.

आता सिनेमाची खरी गोष्ट सांगतो. ती माझ्याजवळच्या कागदावर इंग्रजीत होती. एक म्हातारा नावाडी असतो. त्याची मुलगी त्याच्याबरोबर नाव चालवते. शहरातून पुतण्या येतो, त्याचा नावेवर डोळा असतो. बस, एवढंच. पुतण्याही फार बोलत नाही, मुलगीही नाही, आणि म्हातारा तर मुळीच नाही. मी ही गोष्ट इंटरव्हलमध्ये दादारावच्या कानावर घातली. तो म्हणाला, "भाऊ, मोर्णा नदीले पानी कोठी हाये? अकोल्यात नाव कोनाले पायजे?" आणि त्यानं नावेचं चार एकर वावर केलं. वावर म्हणजे शेत. म्हातारा नदीकडे बघतो ते काय म्हणून, तर पल्याड त्याचं वावर आहे. ते द्यायचं कुणाला, या घोरात तो पडला आहे.

आता चार एकरच का, हे मला माहीत होतं. दादारावचं स्वतःचं वावर चार एकर होतं, अकोल्याजवळच्या खेड्यात. त्याला एकच मुलगी, वच्छला. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी परत आलेली. दादाराव दिवसभर टांग्यात, त्यामुळे पेरणीपासून वेचणीपर्यंत वावर तीच सांभाळायची. आणि दादारावचा भाऊ नामदेव त्याच्या मागं लागला होता की वावर माझ्या पोराच्या नावावर कर. पोरीच्या नावावर केलं तर उद्या तिच्यामागून कुणाच्या घरात जाईल, हा त्याचा हिशोब. दादाराव हो म्हणत नव्हता, नाही म्हणायची हिंमत नव्हती.

सिनेमात मात्र त्यानं पहिल्याच खेळाला वावर पुतण्याला देऊन टाकलं. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी हाऊसफुल. कापूस विकायला आलेले शेतकरी गाड्या बाजारात सोडून थिएटरात आले. सिनेमा काढणारा कोण, असं लोक विचारू लागले, म्हणून दादाराव सुरुवातीला त्या डायरेक्टरचं चरित्रही सांगू लागला. बाप तलाठी. पोराचं शाळेत मन नाही. बापानं झोडपलं, पोरगं पळालं, एका थिएटरात चहा देऊ लागलं, मग लोकांची बोलणी खात खात मोठा डायरेक्टर झालं. मी विचारलं, हे कुठून आणलंस? तर म्हणे, कीर्तनात आधी देवाचं सांगत नाही काय, मंग गोष्ट.

गवई मास्तर म्हणून एक शिक्षक होते. घरदार नागपूरला जाऊन बौद्ध झालेलं, माणूस शांत पण ठाम. ते थिएटरच्या ऑफिसात आले आणि म्हणाले, सिनेमातली मुलगी रस्त्यावरच्या मूर्तीला हात जोडते, ती मूर्ती बुद्धाची आहे, तुमचा माणूस तिला मारुती म्हणतो. बरोबर होतं. दादारावनं त्याच संध्याकाळी माइकवरून माफी मागितली, आणि तेव्हापासून ती मुलगी बुद्धवंदना म्हणू लागली. मग गवई मास्तरांच्या वस्तीतूनही माणसं सहकुटुंब येऊ लागली.

नामदेव आणि त्याचा पोरगा तर रोज यायचे, फुकट पासावर. पासही दादारावनंच मिळवून दिलेले. शेवटच्या रिळात वावर पुतण्याला मिळालं की नामदेव उभा राहून मागं वळायचा आणि सगळ्या थिएटरावर नजर फिरवायचा. एवढी माणसं साक्षीला असल्यावर तलाठ्याकडं वेगळं काय सांगायचं राहिलं, असा त्याचा चेहरा असे. दादारावची मान मात्र घरी जाताना खाली असायची. मला वाईट वाटे, पण गल्ला चांगला होता.

अशात अमरावतीहून शेठजींचा ट्रंक कॉल आला. सिनेमाचा खरा डायरेक्टर हिंदुस्थानात आलेला आहे. अजिंठा बघून तो नागपूरला चालला आहे. आपला सिनेमा इथं खेड्यापाड्याची माणसं बघतात म्हणे, ते बघायला तो वाटेत अकोल्याला उतरणार आहे.

"आणि ऐक," शेठजी म्हणाले, "तो तुझा भोंगेवाला त्या दिवशी दिसला नाही पाहिजे. पाहुण्याच्या सिनेमाचा तमाशा केला असं त्याला कळलं, तर तू पण अमरावतीला परत येऊ नको."

राजापेठेत मी नुकती खोली घेतली होती, त्यामुळे अमरावतीला परत जाणं मला जरूर होतं. दादारावला मी घरी बसायला सांगितलं. तो बरं म्हणाला.

जपानी साहेब आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, चुकेल. आमच्या पेंटरनंही ते तीन पोस्टरांवर तीन प्रकारे लिहिलं होतं. साठीचे, बारीक, पांढरे केस, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू न देणारे. बरोबर एक दुभाष्या होता, तोही जपानी. तो बनारसला राहून हिंदी शिकला होता, आणि ती हिंदी इतकी शुद्ध की आम्हालाच दुभाष्या लागावा. शेठजींनी शाल-नारळ दिलं, शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची करंडी दिली आणि सगळ्यांना बाल्कनीत बसवलं. सिनेमा सुरू झाला, नुसता जपानी.

पहिलं रीळ लोकांनी पाहुण्याच्या मानानं काढलं. दुसऱ्याला "दादाराव कोठी गेला?" सुरू झालं. तिसऱ्या रिळातही म्हातारा नदीकाठीच बसलेला दिसला आणि पाय आपटायला सुरुवात झाली. शेठजी खुर्चीतून अर्धे उठले. पाहुण्यासमोर खुर्च्या मोडल्या तर काय राहिलं? ते माझ्या कानात म्हणाले, "बोलाव त्याला."

बोलवायला लांब जावं लागलं नाही. दादाराव खाली तिकीट काढून बसला होता. साहेब कसे दिसतात ते बघायचं होतं म्हणे. त्यानं माइक घेतला आणि सुरुवात केली ती चरित्रापासून, कारण त्याशिवाय त्याला गोष्ट सांगताच येत नसे. साहेबांनी दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्यानं मला विचारलं, "महोदय, ये सज्जन क्या कह रहे हैं?" मी म्हणालो, नदीचं वर्णन करतोय. पण आमच्या बोलीत हिंदी-उर्दू मुबलक. दुभाष्याला बाप कळला, मार कळला, भाग गया कळलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खरं सांगून टाकलं. मग शेवटपर्यंत दादाराव वऱ्हाडीत बोलला, मी ते हिंदीत सांगितलं, दुभाष्यानं ते जपानीत सांगितलं, आणि साहेबांनी स्वतःचा सिनेमा पहिल्यांदा ऐकला.

खेळ संपल्यावर साहेब स्टेजवर गेले आणि दादारावला जवळ बोलावलं. शेठजींनी डोळे मिटले होते. साहेब म्हणाले, माझे वडील तलाठी नव्हते, मिठाच्या कराच्या ऑफिसात कारकून होते. मारलं ते बरोबर. पळालो तेही बरोबर. तुम्हाला हे कुणी सांगितलं?

"कोन सांगते साहेब," दादाराव म्हणाला. "सिनेमात गेलेल्या समद्याइचे बाप असेच असते."

मग दुभाष्यानं गंभीरपणे विचारलं, "आपकी कथा में वह भूमि किसे प्राप्त होती है?"

दादाराव म्हणाला, पुतण्याला. खाली नामदेव उभा राहिला.

साहेबांनी मागं वळून कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, नावेचं शेत केलंत, हरकत नाही. पण शेवटी म्हातारा मुलीच्या हातात बांबू देतो, तो का देतो?

दादाराव जरा ओशाळला. "मी सांगतो, थो म्हनते, गोठ्यात नेऊन ठेव."

थिएटर हसलं. साहेब हसले नाहीत. तो नाव चालवायचा बांबू आहे, ते म्हणाले. नाव चालवते ती, म्हणून नाव तिची. तुमच्याकडे शेत असेल तर शेत तिचं. माझा सगळा सिनेमा त्या बांबूसाठी आहे.

"पब्लिक मानत नाई साहेब," दादाराव म्हणाला. "तुमी जपानात डायरेक्टर. अठी पब्लिकले तोंड मले द्या लागते."

यावर साहेबांनी आपलं खरं चरित्र सांगितलं. त्यांच्याकडे मुक्या सिनेमाच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारी माणसं असत, दादारावसारखीच. घरातून पळून साहेब अशाच एकाच्या हाताखाली राहिले. तो लोकांकडे बघून शेवट बदलायचा, आणि विचारलं की म्हणायचा, पब्लिक मानत नाही. एक दिवस त्याला सोडून ते स्टुडिओत गेले. तिथं कित्येक वर्षं दुसऱ्यांचं सामान वाहिलं, मग लढाई, मग कुठं स्वतःचा सिनेमा. बोलणारी माणसं त्यांनी सिनेमात ठेवली नाहीत ती त्या गुरूमुळे.

दादारावनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हा सिनेमा तुमच्या मुलकात चालला काय?"

"नाही," साहेब म्हणाले. "पडला."

रात्रीच्या गाडीनं साहेब नागपूरला गेले. जाताना त्यांनी शेठजींना सांगितलं की या माणसाला काढू नका. शेठजींनी ते मानलं, आणि आपण ते आधीपासूनच म्हणत होतो असं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मागं उभा होतो. बायकांच्या बाजूला वच्छला आलेली दिसली. ती पहिल्यांदाच येत होती. पुढं नामदेव आणि त्याचा पोरगा, नेहमीच्या जागी. शेवटचं रीळ लागलं. म्हाताऱ्यानं बांबू उचलला. दादाराव बोलायचा थांबला. एवढा वेळ तो कधीच गप्प राहिला नव्हता, आणि गंमत म्हणजे पब्लिकही गप्प राहिलं. पडद्यावर मुलीनं हात पुढं केला.

"म्हातारा म्हनते," दादाराव म्हणाला, "वच्छे, धर. वावर तुयं."

सिनेमातल्या मुलीचं नाव तोवर त्यानं शेवंता ठेवलेलं होतं. चूक कुणीच काढली नाही. बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या त्या दिवे लागेपर्यंत थांबल्या नाहीत. वच्छला पदर तोंडाला लावून बसली होती.

नामदेव सरळ माझ्याकडे आला. "कालपरेंत पुतण्याले भेटत होतं," तो म्हणाला. "शेवट कावून बदलला? कोनाले इचारून?"

मी म्हटलं, डायरेक्टरला विचारून.

"मंग त्या डायरेक्टरले बोलवा."

मी ठोकून दिलं, ते जपानला गेले. त्यानं शेठजींचा पत्ता मागितला, मी दिला. तो खरोखर अमरावतीला जाऊन भांडून आला. शेठजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की सिनेमा आम्ही फक्त दाखवतो, वाटण्या करत नाही. पण वाटणी होऊन गेलेली होती. भरल्या थिएटरात, माइकवरून बोललेला शब्द दादारावला मागं घेता येईना, आणि घ्यायचाही नव्हता. आठवड्याभरात तो तलाठ्याकडं गेला. भाऊ वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. सिनेमा पाहून कोनी वावर वाटते काय, असं गावभर सांगत फिरला.

इंग्रजी ओळींची प्रिंट नंतर आली. लोक म्हणाले, ही डुप्लिकेट आहे. आम्ही ती परत पाठवली.

धंद्यात मी एवढंच शिकलो, की गोष्ट समजली नाही तरी पब्लिक बसून राहतं, फक्त शेवट माइकवरून सांगणाऱ्याची छाती पाहिजे. साहेबांचे पुढं कोणते सिनेमे आले, चालले की पडले, मला ठाऊक नाही. मोठमोठ्या पुस्तकांत त्यांच्या कारकिर्दीबद्दल काय लिहिलं असेल ते असो. अकोला जिल्ह्यात ती एवढीच आहे: चार एकर वावर, वच्छलाबाईच्या नावे.